ड्रॅगनचा गळा

"पण मग कमी काय आहे, ते तरी सांगा ना, तात्या!"

"कमी कुटं हाय? काय बी कमी न्हाई."

"म्हणजे झालं ना?"

तात्यांनी मेणाच्या गोळ्यावरून दोरा ओढला, सुईत ओवला आणि हातातल्या चपलेला पुढचा टाका घातला.

"..."

सकाळपासून सलीलनं हा प्रश्न चौथ्यांदा विचारला होता. चारही वेळा तात्यांनी 'कमी काही नाही' असं तोंड भरून सांगितलं आणि चारही वेळा पुढच्या प्रश्नाला मौन धरलं. एखादा शहाणा माणूस दुसऱ्याच वेळेला समजला असता. पण सलील शहाणा नव्हता, हुशार होता.

तो मूळचा पुण्याचा. नाटकांच्या वेशभूषेचं रीतसर शिक्षण घेतलेला. कातडीकाम शिकायला म्हणून सहा महिन्यांसाठी कोल्हापुरात आला आणि गणपातात्या व्हटकरांच्या चपलांच्या दुकानात तीन वर्षं बसला. हात चांगला होता, यात वाद नाही. अडचण एवढीच, की ही गोष्ट सगळ्यांच्या आधी त्याला स्वतःलाच कळली होती.

त्या गल्लीची एक रीत होती. तात्यांच्या हाताखाली शिकलेल्या माणसानं तात्यांनी होकार दिल्याशिवाय स्वतःची पाटी लावायची नाही. हे कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं, पण रीत मोडून गेलेल्याला पेठेतला एकही व्यापारी चांगलं कातडं दाखवत नसे. सलीलनं पुण्यात दुकानाची जागा बघून ठेवली होती. पाटी रंगवून घेतली होती. ती त्याच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभी होती, वर्गात शिक्षा झाल्यासारखी.

सगळं अडलं होतं ते तात्यांच्या होकारापाशी. आणि तो होकार मिळवायला सलीलनं केला होता ड्रॅगन.

गावातल्या हौशी मंडळींनी एक बालनाट्य बसवलं होतं. त्यात ड्रॅगनचं काम चौगुले मास्तरांकडे होतं. मास्तर शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले, पोट सुटलेले, पण नाचायची हौस अजून न फिटलेले. मंडळींचं म्हणणं होतं की कापड आणि स्पंज वापरून काहीतरी करून द्या. सलीलनं नाक मुरडलं. कापडाचा ड्रॅगन म्हणजे गादीच की! मी कातड्याचा करतो, म्हणाला. हातानं कोरलेला. असा, की लोक नाटक विसरतील.

आणि केलाही.

शिंगांपासून शेपटीच्या टोकापर्यंत सहाशे बारा खवले. कातडं ओल्या फडक्यानं पुसायचं, ते ओलं आहे तोवर रेघा मारायच्या, ठसा धरून मोगरी हाणायची, अशी एकेका खवल्यावर नक्षी उठवलेली. गळ्यावरच्या चाळीस खवल्यांवर चाळीस वेली होत्या. एकीचं पान दुसरीसारखं नाही. एकूण चार महिने लागले, त्यातला दीड महिना एकट्या गळ्याला. कातडंही त्यानं सगळं पाठीकडचं घेतलं होतं, घट्ट आणि ठसा धरून ठेवणारं. पोटाकडचं कातडं सैल असतं, सुरकुततं, ठसा धरत नाही. ते चपलेवाले हौसेनं कधी घेत नाहीत, आणि सलील तर त्याला हातही लावत नसे.

ड्रॅगन लाकडी सांगाड्यावर चढवला तेव्हा बघायला गल्ली लोटली. तात्यांच्या बायकोनं, शेवंताकाकूंनी, मीठ-मोहऱ्या घेऊन त्याची दृष्ट काढली. तात्यांनी चष्मा वर करून एकदा इकडून, एकदा तिकडून पाहिलं.

"घोरपड झ्याक जमलीया," ते म्हणाले.

"ड्रॅगन आहे तो, तात्या."

"आसंल."

एवढंच. त्याला आज पाच दिवस झाले होते. आज शुक्रवार, आणि प्रयोग परवा सकाळी.

सलील आता तात्यांच्या समोर येऊन मांडी घालून बसला.

"तात्या, एक शब्द बोला. चांगला म्हणा, वाईट म्हणा. पण बोला."

तात्यांनी चप्पल खाली ठेवली. ड्रॅगनकडे पाहिलं. सलीलकडे पाहिलं.

"घाल."

"काय?"

"अंगात घाल त्ये."

"अहो, ते मास्तरांच्या मापाचं आहे."

"उंची येकच हाय दोघांची. पोटाला सैल हुईल. घाल."

सलीलनं घातलं. आत शिरायलाच पाव तास गेला. काकूंनी पाठीमागचे पट्टे आवळले, शेपटी बांधली, वरून शिंगांचं मुंडकं बसवलं. जबड्याच्या फटीतून सलीलला समोरच्या आरशात स्वतःचं रूप दिसलं आणि अंगावर मूठभर मांस चढलं. काय तो थाट! आता म्हातारा बोलतोय, त्याला वाटलं. आता बोलल्याशिवाय राहत नाही.

म्हातारा बोलला.

"पारूअक्काकडनं चार कप च्या घिऊन ये."

"हे घालून?"

"किटली तितं कोपऱ्यात हाय."

किटली जमिनीवर होती. सलील कमरेत वाकायला गेला. कंबर वाकेना. उकिडवं बसायला गेला. गुडघे दुमडेनात. तो किटलीपुढं नुसता उभा राहिला, देवळापुढचा द्वारपाल उभा असतो तसा. शेवटी काकूंनीच तोंडाला पदर लावून किटली त्याच्या पंज्यात अडकवली.

दारातून तो आडवा होऊन बाहेर पडला. शेपटी उंबऱ्याला अडली. काकूंनी ती मागून ढकलली.

पारूअक्काची चहाची गाडी गल्लीच्या टोकाला होती. साठ पावलं. त्यातली पहिली दहा पावलं झकास गेली. लोक दुकानांतून बाहेर आले, कुणी शिट्टी मारली, कुणी "आला रं आला!" म्हणून टाळ्या वाजवल्या. सलीलला वाटलं, तात्यांनी हे बघायला हवं होतं.

अकराव्या पावलाला मागून कुत्रं शेपटीवर धावून आलं.

सलील मान वळवून बघायला गेला. पण मान कुठली वळायला? गळ्यावरच्या चाळीस वेली हनुवटीखाली फळ्या ठोकल्यासारख्या उभ्या राहिल्या. तेव्हा तो सगळाच्या सगळा गर्रकन फिरला, आणि त्याच्या शेपटीनं शेजारच्या दुकानापुढं उन्हात वाळत मांडलेल्या चपलांची अख्खी रांग गटारात गेली.

"आरं ए! कोन हाय त्यो आत? डोळं फुटलं का?"

"माफ करा, दादा..." सलील म्हणाला. पण जबड्यातून बाहेर आलं ते नुसतंच घुमणं. चपला उचलून द्याव्यात म्हटलं तर वाकता येत नव्हतं. कुत्रं अजून भुंकतच होतं. गल्ली हसत होती. मघाशीही हसत होती म्हणा, पण ते हसणं वेगळं होतं.

पारूअक्का त्याला बघून हसता हसता खालीच बसली.

"बस की रं जरा, दमलायस," ती म्हणाली.

बसता येत नव्हतं.

"बरं, पानी तरी पी."

पाणी प्यायला मान मागं करावी लागते.

तो कसाबसा परत आला. परत येताना किटली तिरकी झाली, कारण काखेतलं कातडं हात पुरता खाली येऊ देत नव्हतं. निम्मा चहा शेपटीनं प्यायला.

काकूंनी पट्टे सोडले. सलील आतून बाहेर आला तो घामानं निथळत. गळ्यावर, हनुवटीच्या खाली, दोरी ओढल्यासारखा लालभडक वळ उठला होता.

तात्यांनी किटलीत डोकावून पाहिलं, उरलेला चहा तीन कपांत सारखा वाटला आणि एक कप त्याच्यापुढं सरकवला. मग दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत तेच, त्याच सुरात, त्यांनी विचारलं.

"कुटं चावलं?"

"कुठं नाही," सलील म्हणाला.

तात्यांनी बशीत चहा ओतला. फुंकर मारली. प्यायले.

"..."

"गुडघ्यात थोडं."

"आनि?"

"काखेत."

"आनि?"

सलीलनं हनुवटी खाली ओढली. वळ सगळ्यांना दिसत होता. काकूंना दिसत होता, समोरच्या दुकानातल्या माणसालाही दिसत असणार.

"...गळ्याला."

तात्यांनी रापी उचलली. कातडं कापायची त्यांची स्वतःची रापी, पातं झिजून निम्मं झालेलं. पायाशी पडलेल्या तुकड्यावर तिला दोनदा धार लावली आणि मूठ सलीलकडे करून खाली ठेवली.

"काप."

"गळा?"

"चावतंय तितं काप."

"तात्या, चाळीस वेली आहेत त्या! दीड महिना घातलाय मी."

"ठाव हाय मला. मी हितंच बसून बघत हुतो."

सलीलच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "बघत होता? मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तवा तुला चावत नव्हतं."

"तासाभराचं तर नाटक आहे," सलील हट्टानं म्हणाला. "सोसतील मास्तर."

"त्यास्नी नाचायचं बी हाय न्हवं?" काकू आतून म्हणाल्या.

सलीलनं ते ऐकलं न ऐकलं केलं. "आणि मी हा असाच घेऊन गेलो तर?"

"जा की. टेंपोवाल्याला सांगू काय?"

"आणि माझी पाटी?"

तात्यांनी मघाची चप्पल पुन्हा हातात घेतली. मेणाच्या गोळ्यावरून दोरा ओढला.

"..."

सलील उठला. ड्रॅगनला खांद्यावर टाकून चालतं व्हावं, असं त्याला मनापासून वाटलं. तीन वर्षं! तीन वर्षं या माणसाच्या पायाशी बसलो, आणि हा म्हणतो काप. पण खांद्यावर टाकायला त्यानं ड्रॅगनच्या गळ्याला हात घातला, तेव्हा वळाची आग झाली. आणि त्या आगीबरोबर त्याला चौगुले मास्तर आठवले. पंचावन्न किलोच्या सलीलची ही गत, तर मास्तर नव्वद किलोचे. नाच चार होते. चौथ्या नाचात त्यांना लोळायचं होतं.

तो खाली बसला. रापी घेतली.

आधी त्यानं गुडघे कापले, ते त्यामानानं सोपे होते. मग काखा. गळ्यापाशी आला तेव्हा हात थांबला. पहिली वेल त्यानं पावसाळ्यात कोरली होती, दिव्याखाली डोळे ताणून, आणि ती जमली तेव्हा एकटाच हसला होता. आता रापी तिच्या देठातून गेली. डोळे भरून आले, आणि ते त्यानं लपवलेही नाहीत. चार वेली झाल्या, दहा झाल्या. विसाव्या वेलीनंतर कापणं सोपं झालं, याचंच त्याला जास्त वाईट वाटलं.

सगळं कापून झालं तेव्हा तात्या आत गेले आणि कातड्याची एक गुंडाळी घेऊन आले. ती सलीलपुढं उलगडली.

पोटाकडचं कातडं. सैल, मऊ, सुरकुतलेलं.

"यावर नक्षी?" सलीलनं विचारलं.

"कशी करशील? त्ये धरनार हाय व्हय?"

"मग कोरंच ठेवायचं?"

तात्यांनी तिळाच्या तेलाची वाटी पुढं सरकवली. "त्याल पाज त्याला."

शनिवारचा सगळा दिवस शिवण्यात गेला. तात्या एका बाजूनं धरत होते, सलील टाके घालत होता. मधेच एकदा काकूंनी भाकरी आणि झुणका आणून ठेवला, तेव्हा तात्या म्हणाले, "घोरपडीला बी वाडा." आणि सलीलला, राग असूनही, हसू आलं.

रविवारी प्रयोग झाला.

ड्रॅगन विंगेतून आला, रंगमंचाच्या मधोमध थांबला आणि त्यानं सावकाश मान वळवून पोरांकडे पाहिलं. सभागृहात एकदम शांतता पसरली. मग त्यानं गळा फुगवला. म्हणजे मास्तरांना धाप लागली होती. ते कोरं कातडं वर चढलं, खाली बसलं, त्याला घड्या पडल्या, पुन्हा वर चढलं. आणि पोरांनी अशी किंकाळी फोडली की बाहेरचा पाणीवाला आत डोकावला. मास्तर वाकले, उकिडवे बसले, पायानं कान खाजवला, चौथ्या नाचात मनसोक्त लोळले. नव्वद किलोचा माणूस आत आहे, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

प्रयोग संपल्यावर लोक सलीलभोवती जमले.

"काय हो तो गळा! जित्ता वाटत होता."

"हलतो कसा पण? आत काही यंत्र बसवलंय का?"

"मास्तर बसवलेत," सलील म्हणाला.

तो वाट बघत होता. कुणीतरी नक्षीबद्दल बोलेल, एखादा तरी खवला जवळून बघेल. सहाशेतले अजून कितीतरी शिल्लक होते. पण जो आला तो गळ्याचंच नाव घेऊन गेला. ज्या जागी त्यानं ठसा म्हणून मारला नव्हता, नेमकं तेवढंच लोकांनी पाहिलं होतं. क्षणभर त्याला तोंडात मारल्यासारखं झालं. आणि मग, का कोण जाणे, हसायला यायला लागलं. तो भिंतीला टेकून इतका हसला की मंडळींना वाटलं, प्रयोगाच्या दगदगीनं याचं काहीतरी झालं.

मास्तर कपडे बदलायच्या खोलीत टॉवेलनं डोकं पुसत बसले होते. चेहरा फुललेला.

"झकास रे! तीस वर्षांत असा नाचलो नव्हतो."

"कुठं चावलं?" सलीलनं विचारलं.

"छे, छे! कुठंसुद्धा नाही."

"मास्तर, हात वर करा."

मास्तरांनी हात वर केला. डाव्या काखेत रुपयाएवढा लाल डाग होता.

"अरे, एवढं काय त्याचं..."

"अजून दोनदा नाचलात तर सालटं निघेल," सलील म्हणाला आणि ड्रॅगन खांद्यावर टाकून निघाला.

दुकानात तो पोचला तेव्हा दुपार कलली होती. तात्या गादीवर बसून पानाला चुना लावत होते.

"कसा झाला रं खेळ?" काकूंनी आतून विचारलं.

"चांगला झाला, काकू."

टाळ्यांचं, किंकाळीचं, यंत्राचं त्यानं काहीच सांगितलं नाही. ड्रॅगन जमिनीवर पसरला, उलटा केला, डाव्या काखेची शिवण उसवायला घेतली.

"इथं चावतंय अजून, तात्या," तो मान वर न करता म्हणाला. "पुढचा खेळ गुरुवारी आहे. दोन बोटं सोडतो आणि आतून पोटाकडचं लावतो. उजवी काखही बघायला पाहिजे. मास्तर 'चावत नाही' म्हणतात, पण त्यांच्या म्हणण्यावर जाण्यात अर्थ नाही."

तात्यांनी पान तोंडात घातलं.

"..."

सलील उसवत राहिला. त्याला काही विचारायचं होतं की काय, हे त्याच्या लक्षातही नव्हतं.

तात्या उठले. फळीवरून एक कोरा कागद काढला, सलीलच्या पुढ्यात, ड्रॅगनच्या शेपटीशेजारी, जमिनीवर ठेवला. कानामागची पेन्सिल काढून कागदावर टाकली. मग स्वतःची चप्पल काढली आणि उजवा पाय त्या कागदावर ठेवला.

आतून काकू पळी हातात घेऊन आल्या त्या दारातच थांबल्या. तात्यांचं वय सत्तरीच्या पुढं. वडील गेल्यापासून स्वतःच्या चपला ते स्वतःच करत आले होते. त्यांच्या पायाचं माप आजवर दुसऱ्या कुणी घेतलेलं नव्हतं.

सलीलनं कागदाकडे पाहिलं, त्यावरच्या रुंद, भेगाळलेल्या पायाकडे पाहिलं. पेन्सिल उचलली खरी, आणि पुन्हा त्या पायाकडेच बघत राहिला.

"आगा, बघत काय बसलाईस? घे माप. आनि आदीच सांगून ठिवतो, चावली तर गल्लीभर बोंब मारनार मी!"